घरचा उदीम : अत्तराचें यंत्र आणि मातोश्रींची ठेव

लग्नकार्यांत दाराशीं उभें राहून येणाऱ्याच्या मनगटास अत्तर लावावें व गुलाबदाणीनें गुलाबपाणी शिंपडावें, ही आपल्याकडील आतिथ्याची जुनी रीत आहे. त्याचे कोणी पैसे घेत नसे. आतां भिंतीस टांगलेल्या यंत्रांत दहा रुपये टाकले कीं सदऱ्यावर सुगंधाचा एक फवारा उडतो. हा व्यापार नवशिक्यानें करावा काय, असा प्रश्न गेल्या महिन्यांत अमरावतीच्या एका मायलेकांनीं आम्हांस विचारला.

चिरंजीव वाणिज्य शाखेचे पदवीधर. नोकरीची वाट पाहण्यांत दोन वर्षें गेलेलीं. यंत्रें विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानें त्यांस तीन यंत्रें घेण्याची सल्ला दिली होती : एक अमरावतीस आणि दोन अकोल्यास, मामांच्या कापडदुकानीं. 'यंत्र आपोआप चालतें, तीन महिन्यांत भांडवल वसूल,' असें त्याचें म्हणणें. हें भांडवल म्हणजे मातोश्रींची बँकेंतील मुदतठेव. घरांत अडीअडचणीस तेवढीच गंगाजळी. चिरंजीव उत्साहानें बोलत होते. मातोश्रींनीं मात्र एकच विचारलें, "भाऊसाहेब, तीन महिन्यांत पैसे परत येत असतील, तर तो विकणारा स्वतःच कां यंत्रें लावीत नाहीं?"

कल्पना तशी फार जुनी आहे. नाणें पडतांच देवळांतील पवित्र पाणी सोडणारें यंत्र अलेक्झांड्रियाच्या हेरोननें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत वर्णिलें आहे. १८८३ सालीं लंडनमध्यें पर्सिव्हल एव्हरिटचें पोस्टकार्डें देणारें यंत्र लागलें. पुढें विलायतेंत व अमेरिकेंत नाणें टाकतांच सुगंध उडविणारीं यंत्रेंहि निघालीं. आपल्या स्टेशनांवरचें वजनाचें यंत्र व त्याचें तें भविष्य छापलेलें तिकीट वाचकांस आठवत असेलच. त्यांतहि नाणें अडकलें म्हणजे कोणाला तरी किल्ली घेऊन यावें लागे. तेव्हां 'आपोआप' या शब्दावर फार विसंबूं नये.

आतां हिशेब पाहूं. एका फवाऱ्यास साधारणतः ०.१ मिलिलीटर द्रव लागतो. म्हणजे १०० मिलिलीटरच्या कुपींत सुमारें १००० फवारे निघतात. कुपी २५०० रुपयांची धरली तर फवाऱ्यामागें अडीच रुपये खर्च व दहा रुपये उत्पन्न. येथेंच नवशिक्याचे डोळे दिपतात! परंतु समजा, यंत्रास ५०,००० रुपये पडले, जागाभाडें व वीज मिळून महिना १००० आणि जाण्यायेण्यास ३०० रुपये लागले. रोज आठ फवारे खपले तर महिन्यास २४०० रुपये येतील. त्यांतून सुगंधाचे ६०० व वरील १३०० वजा जातां ५०० उरतील, आणि यंत्राची किंमत फिटण्यास १०० महिने, म्हणजे आठ वर्षें चार महिने लागतील. रोज तीस खपले तर तीच किंमत नऊ-दहा महिन्यांत फिटेल. यंत्र तेंच, सुगंध तोच. फरक केवळ रोजच्या गिऱ्हाइकांचा. म्हणून आधीं गिऱ्हाईक मोजावें, मग यंत्र घ्यावें.

हें मोजण्यास यंत्र लागत नाहीं. दुकानदाराच्या अनुमतीनें त्याच्या दाराशीं लहानसें टेबल मांडावें, दोन कुप्या ठेवाव्या, हातानेंच दहा रुपयांस फवारा द्यावा, व आठ दिवस प्रत्येक विक्री वहींत टिपावी. हातानें जें खपत नाहीं तें यंत्रानें खपेल अशी आशा धरण्यास आम्हांस तरी कारण दिसत नाहीं.

वऱ्हाडांत आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं, ती म्हणजे ऊन. अकोल्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. बहुतेक सुगंधी फवाऱ्यांत मद्यार्क असतो. तो उष्णतेनें लवकर उडतो, वास बिघडतो, आणि त्याची वाफ ठिणगीनें पेटते. नवरात्रांत अंबादेवीच्या वाटेवर गर्दी लोटते, म्हणून तेथें यंत्र लावावें असें चिरंजीवांच्या मनांत होतें; परंतु जेथें निरांजनें व कापूर जळतो तेथें हें यंत्र नको. सावलीची, हवा खेळती असलेली जागा पाहावी. कनोजी पद्धतीचें, मद्यार्कविरहित अत्तर हा दुसरा मार्ग. मात्र तें तेलकट असल्यानें फवाऱ्याच्या बारीक छिद्रांत तुंबतें. तें फायानेंच द्यावें.

माल घेतांना उत्पादकाचें नांव, घाणा क्रमांक व मुदतीची तारीख छापलेलीच कुपी घ्यावी. नामांकित सुगंधाचें नांव लावून डब्यांतला सुटा माल भरणें ही फसवणूक आहे. केंद्र सरकारची 'उद्यम' नोंदणी विनामूल्य होते. तिच्यासाठीं कोणी पैसे मागितल्यास देऊं नयेत. पैसे घेण्यास क्यू. आर. चौकट असावीच, पण नाण्याची फटहि असावी. दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाहि नमुने खरे आहेत असें रिझर्व्ह बँकेनें २०१८ सालीं जाहीर केलें. यंत्र ते सर्व स्वीकारतें काय, हें विकत घेण्यापूर्वीं स्वतः नाणीं टाकून पाहावें.

राहिला अकोल्याचा प्रश्न. बडनेऱ्याहून अकोला रेल्वेनें सुमारें ८० किलोमीटर. छिद्र तुंबलें किंवा नाणें अडकलें कीं जाण्यायेण्यांत दिवस जाणार, आणि तोंवर मामांनीं गिऱ्हाइकांचीं बोलणीं ऐकावयाचीं. "मामा कोठें भाडें मागणार आहेत!" असें चिरंजीव म्हणाले. आम्हीं सांगितलें कीं, मामांनीं घेतलें नाहीं तरी भाडें वहींत खर्चीं लिहावें. नाहीं तर धंदा नफ्यांत आहे कीं मामांच्या मायेवर चालला आहे, हें कधींच कळणार नाहीं.

परवां त्यांचें पत्र आलें. राजकमल चौकाजवळच्या एका कापडदुकानाशीं त्यांनीं आठ दिवस टेबल मांडलें. रविवारीं बारा फवारे खपले, मंगळवारीं तीन. आणि घेणाऱ्यांत निम्मे तरी मुलाखतीस वा लग्नास निघालेले होते. यावरून लग्नसराईंत एका मंगल कार्यालयांत एकच यंत्र महिनाभर भाड्यानें लावण्याचें त्यांनीं ठरविलें आहे. भाडें ते शिकवण्यांच्या पैशांतून देणार आहेत. मातोश्रींची ठेव जेथें होती तेथेंच आहे. पत्राच्या शेवटीं मातोश्रींनीं स्वहस्तें दोन ओळी लिहिल्या आहेत : वही आपण रोज रात्रीं पाहतों, व बेरीज अद्याप एकदांहि चुकलेली नाहीं.