'असं विमान नव्हतंच' म्हणणाऱ्यांसाठी

'हे विमान कधी नव्हतंच. मग त्याचं मॉडेल कसलं करता?' व्हॉट-इफ मॉडेलं करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. विचारणारे बहुधा आपल्याच छंदातले, रिव्हेट मोजणारे लोक. त्यांच्या लेखी मॉडेल म्हणजे इतिहासाची साक्षांकित प्रत, आणि आम्ही म्हणजे इतिहासाशी खेळणारे, थोडक्यात थापाडे. एकदा याला नीट उत्तर द्यावं म्हणतो.

आधी त्या साक्षांकित प्रतीबद्दल. १:७२ च्या किटवर पत्र्यांची जोडरेष ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तरी खऱ्या विमानावर ती १४ मिलिमीटरची होते. बोट जाईल एवढ्या फटी असलेलं लढाऊ विमान कोणी उडवलं होतं? रंगांचं तेच. कृष्णधवल फोटो पाहून छटा ठरवायची म्हणजे तोही अंदाजच. तुमचा अंदाज तो अभ्यास आणि आमचा अंदाज ती थाप, हा कुठला न्याय?

आता मूळ मुद्दा. माझ्या टेबलावर सध्या हॉकर टेम्पेस्ट २ आहे. नाकात पिस्टन इंजिन आणि पंखा, आणि शेपटीत मी बसवतोय ते जेट. अंगावर स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतलं निळ्या अशोकचक्राचं चिन्ह. भारतीय हवाई दलाकडे टेम्पेस्ट खरोखर होती आणि १९४७-४८ मध्ये ती काश्मीरवर लढली. जेट मात्र माझं.

'पंखा आणि जेट एकत्र? काहीतरीच!' असं वाटलं ना? मग अमेरिकन नौदलाचं रायन फायरबॉल पाहा. पुढे राइट सायक्लोन, मागे जनरल इलेक्ट्रिकचं जेट. १९४४ च्या जूनमध्ये पहिलं उड्डाण, एकूण ६६ विमानं बांधली गेली. हा वेडेपणा नव्हता. सुरुवातीची जेट इंजिनं इंधन ढोसायची, थ्रॉटल दिल्यावर जोर यायला वेळ लावायची आणि कमी वेगात त्यांचा दम कमी पडायचा. जहाजाच्या आखूड डेकवर उतरताना ऐनवेळी जोर मिळाला नाही तर वैमानिक समुद्रात. उलट पंख्याचं दुखणं वरच्या वेगाला. पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ गेली की पंखा निकामी व्हायला लागतो. तेव्हा उड्डाण, लांबचा प्रवास आणि उतरणं पंख्यावर, चढाई आणि झुंज जेटच्या मदतीने, ही वाटणी अगदी शहाणपणाची होती.

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. २५ मार्च १९४२ ला मेसरश्मिट २६२ च्या नमुन्याची दोन्ही जेट इंजिनं हवेत बंद पडली. नाकात खबरदारी म्हणून ठेवलेल्या पिस्टन इंजिनाने ते विमान परत आणलं. ६ नोव्हेंबर १९४५ ला बरोबर उलटं घडलं. एका फायरबॉलच्या पिस्टन इंजिनाने दगा दिला आणि वैमानिक जेटच्या जोरावर यूएसएस वेक आयलंड या विमानवाहू जहाजावर उतरला. त्या साडेतीन वर्षांत कोणावर भरवसा ठेवायचा, हे कोणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून आपण त्या लोकांना हसतो. हा आपला शहाणपणा नाही, आपण नंतर जन्मलो एवढंच.

माझी खरी तक्रार इथेच आहे. 'जे झालं तेच होणार होतं' अशा थाटात इतिहास मांडणं ही मोठी थाप आहे. व्हॉट-इफ मॉडेल ती थाप मोडतं.

पण हो, आमच्याही पंगतीला चार शब्द ऐकवले पाहिजेत. कुठल्याही विमानाच्या बुडाला नळी चिकटवली आणि चिन्ह बदललं की झालं व्हॉट-इफ, असं मानणारे बरेच आहेत. हे काम नव्हे. त्या काळातली ब्रिटिश आणि अमेरिकन जेट इंजिनं बहुतेक सेंट्रिफ्यूगल, म्हणजे बुटकी आणि जाड. व्यास साधारण एक मीटर, म्हणजे १:७२ ला १४ मिलिमीटर. टेम्पेस्टच्या निमुळत्या शेपटीत ते बसतच नाही, अंग फुगवावं लागतं. मग हवा कुठून घेणार? शेपटीखालच्या चाकामुळे झोत जमिनीवर आदळेल त्याचं काय? सुपरमरीन अटॅकरने तो त्रास सोसला, फायरबॉलने नाकाखाली चाक घेऊन टाळला. मीही नाकाखाली चाक घेतलं. आता मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकात शिसं भरतोय. मागे इंजिन टाकल्यावर खऱ्या अभियंत्यालाही वजनाच्या याच तोलाशी झगडावं लागलं असतं.

आणि एवढं करून उत्तर काय आलं? असं टेम्पेस्ट होणं जवळपास अशक्य होतं! १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात व्हँपायर आली, पूर्ण जेट आणि तयार. मग अर्धवट विमानावर पैसा कोण घालेल? फायरबॉलही १९४७ मध्येच निवृत्त झालं. म्हणजे माझं मॉडेल माझ्याच कल्पनेच्या विरोधात साक्ष देतं. थापाड्याचं मॉडेल असं करतं का हो?

गंमत म्हणजे हीच जोडी भारताने पुढे खरोखर जुळवली. हवाई दलाच्या सी-११९ पॅकेट या मालवाहू विमानांना पिस्टन इंजिनं होती. लडाखच्या विरळ हवेत ती कमी पडू लागली म्हणून पाठीवर एक जेट इंजिन चढवलं. उद्या कोणी पॅकेटचा फोटो न पाहता ते मॉडेल पाहिलं, तर 'असं विमान नव्हतंच' हेच म्हणेल, पैज लावतो.

तेव्हा रिव्हेट जरूर मोजा. पण ते विमान तसंच का झालं आणि दुसरं का झालं नाही, हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याने दुसऱ्याच्या टेबलावर येऊन इतिहासाची शिकवणी घेऊ नये.