सत्तावीस की वीस सात?

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आले आणि मराठीचे कैवारी खडबडून जागे झाले. फडणवीस आडनावाचे आता काय करायचे, ही कोटी तर विधानसभेपर्यंत पोचली. इथे गोव्यातही हसणारे कमी नव्हते. मला या हसण्याचा राग येतो.

भाषा विचाराला वळण लावते, हे आपण व्यासपीठावरून उच्चरवाने सांगतो. मग आकड्यांपाशी आल्यावरच ते कसे विसरतो? २७ लिहिताना आधी दोन, म्हणताना आधी सात. मूल ऐकते तसे लिहिते आणि ७२ करून ठेवते. २९ चा तर कहरच. लिहिताना तीन कुठेच नाही, नावात मात्र तीस! 'एकोण' म्हणजे एक उणा, हे कोणी सांगितलेच नाही, तर पोराने समजायचे काय? दशक-एकक ही अमूर्त कल्पना; ती हाताला लागत नाही, शब्दांतूनच उमगायची. चिनी भाषेत २७ म्हणजे 'दोन दहा सात'. सगळे नावातच उघडे.

नॉर्वेतही 'सात आणि वीस' म्हणत. १९५१ साली तिथल्या संसदेच्या निर्णयाने 'वीस सात' अधिकृत झाले. जुनी पद्धत बोलण्यात अजून ऐकू येते. भाषा काही बुडाली नाही. मंगला नारळीकरांच्या समितीने तरी सत्तावीसला हद्दपार कुठे केले होते?

मराठी गणिताला कच्ची, असे मात्र कोणी समजू नये. पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे एकेका शब्दात सांगणारी आपली भाषा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे जुन्या माणसांना तोंडपाठ असत. ते शाळांतून गेले तेव्हा या कैवाऱ्यांपैकी कोण ओरडले?

आज मराठी शाळेत शिकलेली मुलेही फोन नंबर इंग्रजीतच सांगतात. 'अडुसष्ट' म्हटले की विचारतात, 'म्हणजे सिक्स्टी एट ना?' सत्तावीसकडे जाणारी सोपी पायरी आपण काढून घेतली, तर पोर दुसऱ्याच्या जिन्याने वर जाणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

तेव्हा 'वीस सात'वर हसण्याआधी घरातल्या पोराला एकदा अडुसष्ट आणि एकोणसाठ लिहायला सांगून पाहा. मग हसू.