लपलेला नाकतोडा कुणाला दिसतो?



पावसाळ्यात आपल्या मच्छेच्या शिवारात हिरव्या भातात हिरवा नाकतोडा बसलेला असतो, पण तो आपल्याला सहसा दिसत नाही. रंग व आकाराच्या साहाय्याने परिसरात मिसळून जाण्याला छद्मावरण म्हणतात. मुले ही व्याख्या पाठ करतात आणि विषय तिथेच संपतो. परंतु याच नाकतोड्यांवर कितीतरी पक्षी पोट भरतात. ते त्याला कसे शोधतात?

पहिली गोष्ट हालचाल. गायबगळे चरणाऱ्या गुरांच्या पायांशी उगाच घोटाळत नाहीत. गुरांच्या पावलांनी गवतातले किडे उडतात, आणि किडा हलला की त्याच्या रंगाचा उपयोग संपतो.

दुसरी गोष्ट, सगळेच शिकारी डोळ्यांवर विसंबत नाहीत. गव्हाणी घुबडाचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो. आवाज दोन्ही कानांना किंचित वेगळा पोचतो, त्यावरून उंदराची जागा त्याला नेमकी कळते. मिट्ट काळोखातही ते उंदीर पकडते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी प्रयोगाने दाखवले. पश्चिम घाटातल्या रानात आढळणाऱ्या चापडा सापाच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता ओळखणारा खळगा असतो. उंदराचा रंग पाचोळ्यात मिसळला, तरी अंगाची ऊब लपत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे सराव. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात ल्यूक टिंबर्जेन या डच शास्त्रज्ञाने मांडले, की एकाच प्रकारचे भक्ष्य वारंवार सापडले की पक्ष्याच्या मनात त्याची 'शोधप्रतिमा' तयार होते. पुढे १९७९ मध्ये पिट्रेविच व कामिल यांनी ब्लू जे पक्ष्यांना झाडाच्या सालीवर बसलेल्या पतंगांची चित्रे दाखवली. एकाच जातीचे पतंग ओळीने दाखवले, तेव्हा पक्षी ते ओळखण्यात तरबेज होत गेले. दोन जाती मिसळून दाखवल्या, तेव्हा मात्र तशी प्रगती दिसली नाही.

म्हणजे नजर नुसती जन्मजात नसते, ती एकाग्रतेने घडवावी लागते. म्हणूनच शनिवारच्या सकाळच्या शाळेतला एक तास मुलांना बांधावर न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काही पालक विचारतील, "सर, दहावीच्या परीक्षेत हे येणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. हा प्रश्न कदाचित पेपरात येणार नाही; पण गणितातली चुकलेली पायरी, निबंधातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक किंवा भाताच्या पानावरचा करप्याचा पहिला ठिपका वेळेवर दिसायला हीच नजर लागते. आज मुलांसमोर एकाच वेळी दहा गोष्टी नाचत असतात; एकीकडे टक लावून पाहण्याची सवय त्यांना आपणच लावली पाहिजे.

यासाठी फारसा खर्च नाही. सोबत शिक्षक असावेत, पायांत बूट असावेत, झुडपांत हात घालू नये. प्रत्येकाने बांधावरची हातभर जागा निवडावी, दर शनिवारी तीच जागा दहा मिनिटे शांतपणे पाहावी आणि दिसेल ते वहीत लिहावे. पहिल्या शनिवारी कदाचित नुसते गवत दिसेल. चौथ्या शनिवारच्या वह्या मात्र पालकांनी व विश्वस्तांनी आवर्जून पाहाव्यात, आणि मगच या तासाबद्दल आपले मत द्यावे, ही विनंती.

आपला,
मुख्याध्यापक