चूक त्याची, बोनस माझा

सिंहगड रस्त्यावर सिग्नल लाल झाला आणि मी थांबलो, ही माझी चूक. निदान मागच्या टेम्पोवाल्याचं मत तसं होतं. धाडकन आवाज झाला, मान पुढे जाऊन मागे आली आणि खाली उतरून बघतो तर डिकीचं तोंड वाकडं झालेलं. ‘काका, असं एकदम कोण थांबतं?’ तो म्हणाला. मी सिग्नलकडे बोट दाखवलं. तोवर तो हिरवा झाला होता.

पुण्यात अपघाताला पोलिसांआधी पंच येतात. एकाने डिकी दोनदा आपटून पाहिली, ती बसली नाही. दुसऱ्याने ‘दोन हजार घ्या आणि विषय संपवा’ असा निकाल दिला. टेम्पोवाल्याने खिसे चाचपून सातशे रुपये काढले आणि मालक पगारातून कापेल म्हणाला. मला त्याची दया आली. खरं सांगायचं तर दयेपेक्षा मागचे हॉर्न जास्त होते. ‘राहू दे, माझा विमा आहे,’ असं मी ऐटीत म्हणालो आणि निघालो. टेम्पोचा नंबर टिपला नाही. मोबाइलवर दोन फोटो काढले होते, त्यातल्या एकात माझाच अंगठा आहे.

गॅरेजमधल्या ॲडव्हायझरचा पहिला प्रश्न होता, ‘सर, झिरो डेप आहे ना?’ नव्हतं. गेल्या वर्षी नूतनीकरण करताना दीड-दोन हजार वाचतात म्हणून त्या चौकटीतली खूण मीच काढली होती आणि संध्याकाळी घरी स्वतःच्या हुशारीचं कौतुकही केलं होतं.

झिरो डेप नसलं की विमा कंपनी नवीन भागाचे पूर्ण पैसे देत नाही, जुन्या भागाची झीज कापून देते. प्लॅस्टिक आणि रबर असेल तर सरळ निम्मे. काचेला कपात नाही. पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे. माझ्या गाडीला चार वर्षं पूर्ण होऊन पाचवं चालू आहे, म्हणजे 35 टक्के. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा प्रत्यक्ष रंगाचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट 1,000 रुपये.

क्लेम फॉर्मवर ‘अपघात कसा झाला’ याला चार ओळी असतात. मी सदर लिहिणारा माणूस. पान उलटून मागच्या बाजूलाही लिहिलं. ॲडव्हायझर म्हणाला, ‘सर, मागून टेम्पोने ठोकलं, एवढंच लिहा.’ त्याचं बरोबर होतं. लिहिलेलं आणि गाडीला झालेलं जुळलं पाहिजे, बाकी साहित्य कंपनीला नको असतं.

मग त्याने गाडीभोवती फेरी मारली आणि डाव्या दरवाजापाशी थांबला. तिथे लांबलचक ओरखडा आहे, सोसायटीच्या गेटच्या खांबाची देणगी. ‘हेही यातच बसवून टाकू,’ तो हळूच म्हणाला. क्षणभर मोह झाला, नाही असं नाही. पण मागून ठोकणारा टेम्पो डाव्या दरवाजाला कसा घासला, हे मला त्या चार ओळींत बसवता येईना. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. चासी नंबर, किलोमीटरचा आकडा, डिकी, बंपर, सगळ्याचे फोटो काढले. जाता जाता दरवाजाच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला, त्यात बसलेली धूळ आणि कडेचा गंज पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘हा आपला नाही ना?’ नाही म्हणताना इतकं बरं वाटलं!

पुढे काय, तर वाट पाहणं. बंपर उतरवल्यावर आतली पट्टीही वाकलेली निघाली, म्हणून नवं एस्टिमेट, नवी मंजुरी. ‘पार्ट उद्या येतोय’ हे वाक्य मी सहा वेळा ऐकलं. गाडी सतराव्या दिवशी मिळाली. काम मात्र चोख झालं होतं.

एकूण बिल 36,600 रुपये. कापाकापी होऊन कंपनीने दिले 23,900 आणि मी भरले 12,700. कॅशलेस म्हणतात ते हेच. कॅश लागते, फक्त थोडी कमी.

खरा हिशेब घरी झाला. चार वर्षं क्लेम केला नव्हता म्हणून मला 45 टक्के नो क्लेम बोनस होता, पुढच्या वर्षी तो 50 होणार होता. हा बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या नाही. आता तो शून्य; पुन्हा 20, 25, 35, 45 अशी पायरी पायरी चढायची. माझा हा हप्ता बोनस न धरता 9,000 आहे. दरवर्षी तेवढाच धरला, तर पाच वर्षांत मी 11,250 रुपये जास्त भरणार. बायकोने कागदावरची वजाबाकी पाहिली आणि विचारलं, ‘म्हणजे त्यांनी दिलेल्या तेवीसातले अकरा आपलेच?’ आपलेच. नुसता बंपर फुटला असता तर क्लेम करणं सरळ तोट्याचं होतं.

‘पण चूक तर त्याची होती!’ ती म्हणाली. माझ्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही. बोनस क्लेम केल्याने जातो, चूक केल्याने नाही. कायद्याने माझं नुकसान टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळू शकतं, त्याची मर्यादा साडेसात लाखांची आहे. पण त्यासाठी पोलिसांत नोंद हवी, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, वकील, तारखा. एका डिकीसाठी इतका खटाटोप कोणी करत नाही. आणि करायचाच म्हटला, तर निदान टेम्पोचा नंबर तरी हवा.

तुमची पॉलिसी ईमेलमध्ये कुठेतरी पडली असेल, आज उघडा. झिरो डेप आहे का, आणि बोनस किती टक्के आहे, एवढं बघा. आणि रस्त्यावर कोणी ठोकलंच तर दया जरूर दाखवा, पण आधी नंबरप्लेटचा फोटो काढा. अंगठा बाजूला ठेवून.