म्हशीचा वाली कोण?

वसुबारसेच्या सायंकाळी इंदूरच्या मराठी घरांतून सवत्स धेनूची पूजा होते. उपवास करणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी गाईचे दूध वर्ज्य करतात. वासराच्या तोंडचा घास एक दिवस तरी आपण घेऊ नये, हा त्या व्रतामागचा भाव. त्याच रात्री सराफ्यात रबडीच्या कढया उकळत असतात. ती दाट रबडी म्हशीच्या दुधावाचून होत नाही. त्या म्हशीच्या पारड्याचे पुढे काय होते, हे मात्र आपण कोणीच विचारीत नाही.

गोरक्षणाची गोष्ट निघाली की आपण खाटकाकडे बोट दाखवितो. आज ते बोट जरा दुसरीकडे वळवावयाचे आहे. मांसाच्या निर्यातीस उत्तेजन देणारी संस्था कोणा परकीयाने स्थापिलेली नाही. १९८५ साली आपल्याच संसदेने कायदा करून कृषी व प्रक्रियाकृत खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरण निर्माण केले. व्यापारी त्यास ‘अपेडा’ म्हणतात. या कायद्याच्या परिशिष्टात फळे-भाजीपाल्याच्या पाठोपाठ दुसरीच नोंद ‘मांस व मांसजन्य पदार्थ’ अशी आहे. परिशिष्टातील मालाच्या उद्योगांस अर्थसाहाय्य देणे, कत्तलखान्यांत मांसाची तपासणी करणे, ही या प्राधिकरणास कायद्याने नेमून दिलेली कामे होत. त्यावर लोकसभेने निवडलेले दोन आणि राज्यसभेने निवडलेला एक, असे तीन खासदार असतात. म्हणजे आपले प्रतिनिधीही तेथे आहेतच.

निर्यातीचे नियम गाय, बैल व वासरू यांच्या मांसास पूर्ण मनाई करतात आणि म्हशीच्या मांसास वाट मोकळी ठेवतात. २०१४-१५ या एका वर्षात सुमारे २९ हजार कोटी रुपयांचे म्हशीचे मांस परदेशी गेले. अमेरिकेचे कृषिखाते त्याची गणना ‘बीफ’ याच सदरात करते. आपण मात्र नावाचा भेद पाहून समाधान मानतो.

मध्यप्रदेशाचा २००४ चा गोवंश वध प्रतिषेध कायदा कडक आहे. पुढील दुरुस्तीने त्यातील शिक्षा सात वर्षांपर्यंत गेली. त्या कायद्यात म्हशीस स्थान नाही. वास्तविक घटनेच्या ४८ व्या अनुच्छेदात गाई-वासरांबरोबरच ‘इतर दुभती व ओढकामाची जनावरे’ यांचाही उल्लेख आहे. १९५८ साली बिहार, उत्तरप्रदेश व मध्यप्रदेश येथील कायद्यांचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने गाय, तिचे वासरू आणि म्हशीचे पारडू यांच्या वधावरील संपूर्ण बंदी ग्राह्य धरली. दूध आटलेल्या म्हशीच्या बाबतीत मात्र तशी बंदी वाजवी नाही असे ठरविले. न्यायालयास चारा, अन्न व लोकांची उपजीविका यांचा हिशेब पाहावा लागतो. त्याने उपयुक्ततेचे माप लावले, हे समजू शकते. परंतु आपल्या धर्माचेही माप तेच आहे काय? ज्ञानोबांनी पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदविले तो रेडाच होता, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. वेद वदण्यास पात्र ठरलेला प्राणी करुणेस अपात्र कसा?

कोणी म्हणेल, ‘मग म्हशीच्या वधावरही बंदी घाला.’ नुसत्या बंदीने काय साधते, हे गाईच्याच उदाहरणावरून पाहावे. २०१९ च्या पशुगणनेत मध्यप्रदेशात साडेआठ लाखांहून अधिक मोकाट गुरे आढळली. ती खाटकाने सोडलेली नव्हेत. दूध आटल्यावर वा नांगर ट्रॅक्टरने ओढू लागल्यावर धन्यानेच सोडलेली. गोशाळेतील जनावरामागे शासन दिवसाला वीस रुपये देत असे, ते अलीकडे चाळीस झाले. चाळीस रुपयांत जनावराचे पोट भरते की नाही, हे ज्याने एकदा तरी कडबा विकत घेतला आहे त्याने सांगावे.

गोमंतकीय बांधवांनीही हा प्रश्न दूरच्या माळव्याचा समजू नये. गोव्यात १९७८ च्या कायद्याने गाईस अभय मिळाले. पण फोंडे तालुक्यातील उसगाव येथील गोवा मीट कॉम्प्लेक्स ही कंपनी खुद्द राज्य शासनाची आहे. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ ही देवस्थाने त्याच तालुक्यात आहेत. शासनास दोष देण्याआधी एवढेच पाहावे की आपल्या नैवेद्याचे दूध कोणत्या गोठ्यातून येते आणि त्या गोठ्यातील आटलेली जनावरे कोठे जातात.

प्राधिकरण मांसाच्या निर्यातीस उत्तेजन देऊ शकते, कारण जनावर बाजारात येते. जनावर बाजारात येते, कारण आपणांस दूध हवे, पण दुधामागचे म्हातारपण नको. खाटीक या साखळीची शेवटची कडी आहे. पहिली कडी आपल्या स्वयंपाकघरात आहे. त्याच्या दारावर मोर्चा नेण्यात पुण्य नाही, आणि शेजाऱ्याविषयी द्वेष वाढविण्यात तर मुळीच नाही.

म्हणून प्रत्येक देवस्थानाच्या विश्वस्तांस विनंती आहे. आटलेले जनावर व नर पारडू न विकण्याची हमी देणाऱ्या गवळ्याकडूनच दूध घ्यावे आणि त्याबद्दल त्यास दर वाढवून द्यावा. देवस्थानाच्या गोशाळेचे दार म्हशीसही उघडावे. वार्षिक अहवालात अभिषेकाच्या दुधाचा खर्च लिहितो, त्याच्याशेजारी आटलेल्या जनावरांच्या चाऱ्याचा खर्चही लिहावा. ते दोन आकडे शेजारी शेजारी वाचल्यावर शासनाकडे काय मागावयाचे, हे आपले आपणांसच कळेल.