आजार जन्माने येतो, शिक्षा विमा देतो

आरोग्य विम्याच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो : आधीपासून कोणता आजार आहे का? वस्तीत फॉर्म भरून देताना आम्ही पाहतो, माणूस इथेच अडखळतो. एजंट हळूच म्हणतो, "नाही लिहा." पुढे दवाखान्याचे बिल आले की त्याच 'नाही'वर बोट ठेवून दावा फेटाळला जातो. एजंट तोवर फोन उचलत नाही.

विदर्भात हा प्रश्न आपल्याला जास्त टोचतो. तिथल्या आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो आई-वडिलांकडून येतो. म्हणजे मूल जन्मले तेव्हाच विम्याच्या भाषेत त्याचा आजार 'पूर्वीपासूनचा' ठरला! जन्म पाहून माणसाला दाराबाहेर उभे करणारी व्यवस्था आपल्याला नवी आहे का?

आता नियम बदलले आहेत, हे मान्य केले पाहिजे. 1 एप्रिल 2024 पासून आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त 36 महिने. पूर्वी ती 48 महिने होती. सलग 60 महिने पॉलिसी चालू ठेवली, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही; पूर्वी ही मुदत 8 वर्षे होती. 2023 मध्ये विमा नियामकाने अपंग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी पॉलिसी आणणे कंपन्यांना बंधनकारक केले. अपंग हक्क कायदा, 2016 च्या यादीत सिकलसेलही आहे. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला.

पण तीन वर्षे हप्ता भरायचा आणि तीन वर्षे त्या आजाराचा खर्चही स्वतःच करायचा, हे रोजंदारीवरच्या घराला कसे जमणार? बाजार जोखीम मोजतो. ज्याला गरज जास्त, तो त्याच्यासाठी तोट्याचा गिऱ्हाईक.

याउलट आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आधीचा आजार आड येत नाही. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्रुटी अशी की हे संरक्षण मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांना आहे. रोजच्या गोळ्यांचा आणि तपासण्यांचा खर्च बाहेरच राहतो.

मग रस्ता कोणता? तो आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, 1944 साली, कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अदारकर अहवाल आला आणि त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्याचे तत्त्व साधे : वर्गणी पगाराप्रमाणे, उपचार गरजेप्रमाणे. आज कामगार 0.75 टक्के आणि मालक 3.25 टक्के भरतो. कामगाराला आणि कुटुंबाला उपचार, औषधे मिळतात. मोठ्या उपचारांना काही महिन्यांच्या वर्गणीची अट आहे, पण ती तुमचा आजार पाहून लावत नाहीत.

आणि या कायद्याबाहेर कोण राहते? कंत्राटी सफाई कामगार, घरकामगार, नाक्यावरचा मजूर. म्हणजे आपलेच लोक. काहींना कायदा लागू असूनही ठेकेदार नोंदच करत नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. फॉर्मवर आजार खरा लिहा, त्याची प्रत जपून ठेवा. वस्तीतल्या प्रत्येक घराचे आयुष्मान कार्ड काढून द्या. सिकलसेलग्रस्तांना अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला लावा. ठेकेदाराला विचारा, आमच्या माणसाचा ईएसआय नंबर कुठे आहे? दहा किंवा अधिक कामगार आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल, तर हा प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

48 चे 36 महिने झाले म्हणून टाळ्या वाजवणे आमच्याने होणार नाही. आजारी माणसाला एक दिवसही थांबायला लावू नये, ही आमची मागणी आहे.

जयभीम!