विजेची वर्दी आणि शेतातला माणूस

२५ जून २०२० या एकाच दिवशी बिहारमध्ये वीज पडून ८०हून अधिक माणसे मरण पावली. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशभरात विजेने २,८८७ बळी घेतले. निसर्गाच्या प्रकोपात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी हे एक तृतीयांशाहून अधिक. तरीही अशा मृत्यूचे खापर दैवावर फोडले जाते, तेव्हा मला ते खटकते. उपकरणांच्या लेखी वीज आता तितकी अवचित राहिलेली नाही.

ढगात मऊ गारा आणि हिमकण एकमेकांवर आदळतात, विद्युतभार विलग होतो आणि पहिल्या विजा बहुधा ढगातल्या ढगातच चमकतात. प्रत्येक चमकेबरोबर रेडिओलहरींचा स्पंद निघतो. तो निरनिराळ्या केंद्रांवर किती सूक्ष्म अंतराने पोचला, यावरून विजेचे ठिकाण काढता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संवेदकांचे जाळे हेच करते. ढगातल्या चमका एकाएकी वाढल्या, की जमिनीवर वीज कोसळण्यापूर्वी बहुतेकदा काही मिनिटे हाती असतात.

मोजमापात आपण मागे नाही. उटीच्या ‘ग्रेप्स-३’ प्रयोगात १ डिसेंबर २०१४ च्या मेघातून येणाऱ्या म्युऑन कणांच्या संख्येतील घट मोजून, त्या मेघातील विभवांतर १३० कोटी व्होल्टपर्यंत गेल्याचे दाखवले गेले. सी. टी. आर. विल्सन यांनी १९२९ मध्ये बांधलेल्या अंदाजाला प्रत्यक्ष मापनाचा आधार मिळाला तो असा, नव्वद वर्षांनी आणि भारतात.

अडते ते पुढे. ‘दामिनी’ हे अ‍ॅप वीस व चाळीस किलोमीटर परिसरातील विजेची सूचना देते. पण चिखलात भातलावणी करणाऱ्या बाईचा फोन, असलाच तर, बांधावरच्या पिशवीत असतो. तिला ऐकू येईल तो गावचा भोंगा. आणि भोंगा वाजल्यावर धावत गाठता येईल असे पक्के छप्परही हवे, नाहीतर ती झाडाखालीच जाणार. संवेदकांची संख्या सांगणाऱ्या मंत्रालयांनी याचाही हिशेब द्यावा.

माझी मागणी छोटी आहे. वीज पडून झालेल्या प्रत्येक मृत्यूच्या पंचनाम्यात दोन रकाने वाढवावेत : इशारा किती वाजता निघाला आणि त्या शिवारात तो कोणी, किती वाजता ऐकला. पहिला रकाना यंत्रणेच्या नोंदींवरून भरता येईल. दुसरा भरायला तलाठ्याला गावात जाऊन विचारावे लागेल.